वळणात उचललेला पाय

१२ जानेवारी, सोमवार

विलासचं उद्या ऑपरेशन. डाव्या मांडीचं हाड मोडलंय. सख्खा भाऊ, म्हणून सकाळी परळला हॉस्पिटलात जाऊन आलो. नसतो गेलो तर बरं झालं असतं.

डॉ. फर्नांडिस माझ्याआधीच पोचलेले. अपघात झाला ती गाडी त्यांची. गिरगावात दातांचा दवाखाना आहे, आणि ही जुनी स्पोर्ट्स सेडान ते जिवापाड जपतात. तिच्या सस्पेन्शनचं काम माझ्याकडे, चिंचपोकळीच्या गॅरेजात. नव्या स्प्रिंगा, नवे शॉक ॲब्सॉर्बर, आणि वळणात गाडी कलू नये म्हणून मागे जाड रोल बार. काम झाल्यावर चालवून बघायला त्यांनी ती विलासच्या हातात दिली. जोरात पण नीट कशी चालवायची हे लोकांना शिकवणं हाच त्याचा धंदा. काल सकाळी शिवडीला, बंदराच्या मागच्या रस्त्यावर, वळणात गाडी मागून सुटली, गरकन फिरली आणि खांबावर आदळली. गाडीत माझी मुलगी मुग्धाही होती. काकाबरोबर चक्कर मारायला गेलेली. तिला मुका मार, बाकी काही नाही.

विलास माझ्यासमोर डॉक्टरांना म्हणाला, "चालवण्यात काही चुकलं नाही डॉक्टर. सेटिंगमुळे सुटली. अण्णाने मागचा बार फार कडक केलाय."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी खाली. फरशी चांगली पुसलेली होती.

बार कडक कर म्हणून पाठीस कोण लागलं होतं? बारला जोडणीची तीन भोकं असतात. पहिलं नरम, तिसरं सगळ्यात कडक. मी दुसऱ्यात बसवला होता. "अण्णा, तिसऱ्यात टाक. मागचं अंग जरा जिवंत कर." हे त्याचेच शब्द. म्हणून टाकला.

मुग्धा घरी भिंतीकडे तोंड करून पडून आहे. विचारलं, काका कितीने चालवत होता? "माहीत नाही बाबा."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शैलाने तिळगुळाचा डबा भरून विलासकडे नेला. मला म्हणाली, चला. नाही गेलो. गोड बोलायचं होतं ना, मग आज मी न गेलेलाच बरा.

गॅरेजात एक जण येऊन आपली गाडी घेऊन गेला. काम अर्धवट, स्प्रिंग खोललेली, तरी म्हणाला, तशीच बसवून द्या. कारण विचारलं नाही. विलासची शिकवणीवाली मंडळी सगळी एकाच ग्रुपवर असतात. कुणीतरी टाकलंच असणार.

लिहून ठेवतो, निदान इथे तरी. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. मग वळणात आत शिरायचं आणि पाय ॲक्सिलरेटरवर हलका पण कायम ठेवायचा. मध्येच घाबरून पाय उचलला की सगळं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं अंग निसटतं. बार कडक असला तर ते अजून लवकर निसटतं, हे खरं. पण आधी पाय उचलावा लागतो. पाय न उचलता गाडी आपणहून सुटत नाही. हे विलास दर रविवारी लोकांना घसा फोडून सांगतो. आणि स्वतः?

बत्तीस वर्षं मी गाडीखाली, तो स्टिअरिंगवर. बक्षिसांचे सगळे कप त्याच्या घरी.

१७ जानेवारी, शनिवार

गाडी आज गॅरेजात आली. सोमवारी विम्याचा माणूस बघायला येणार, त्याआधी मीच बघून घेतली.

बार जागेवर. बोल्ट माझ्या खुणेवर तसेच, एकही हललेला नाही. शॉक कोरडे, तेल गळलेलं नाही. माझ्या कामात कुठे खोट सापडत नव्हती. बरं वाटत होतं, खोटं का सांगू.

मग डावीकडे गेलो. खांब डाव्या बाजूला लागलाय. डावं पुढचं दार सीटपर्यंत आत आलेलं. त्या सीटवर बसलेला माणूस मुका मार घेऊन बाहेर पडूच शकत नाही. त्याची मांडीच जाणार. डावी.

उजव्या बाजूला फिरून ड्रायव्हरची सीट पाहिली. पूर्ण पुढे सरकवलेली, उंच केलेली. विलास सहा फुटाला थोडा कमी. अशा सीटवर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतील. मुग्धा पाच फूट एक इंच.

सीटच्या कडेला तिच्या केसांचा निळा चाप पडला होता. उचलून खिशात टाकला. का उचलला कळत नाही. कोण बघणार होतं?

घरी जेवताना मुग्धाने आमटी वाढली. मी जेवलो.

१८ जानेवारी, रविवार

विलासकडे गेलो. शैलाला सांगितलं, एकटाच जातो.

विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

त्याने नर्स बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली. हॉस्पिटलात सगळ्यांशी शहरी बोलतो. माझ्याकडून काही हवं असलं की मालवणी बाहेर येते. "अण्णा, तू रागावतलंस ह्या माका म्हायत होता."

म्हणाला, तीच मागे लागली होती. बाबा हात लावू देत नाही, काका तू तरी दे. रस्ता रिकामा होता. तीन वळणं तिने छान घेतली. चौथ्या वळणापुढे एक ट्रेलर उभा दिसला. याने सांगितलं, पाय सोडू नकोस, आणि तिने सोडला.

"मग मी सेटिंग चुकवलं असं का सांगितलंस?"

"चेडवाचा नाव कागदार इला तर तिची नोकरी गेली."

२ फेब्रुवारीला मुग्धा पुण्याला एका गाड्यांच्या कंपनीत रुजू होणार आहे. गाड्या चालवून तपासायच्या विभागात. दीडशे जणांतून निवडली. परक्याची गाडी परवानगीशिवाय चालवून खांबावर घातली, हे त्यांना कळलं तर दारातूनच परत पाठवतील, हे मलाही समजतं.

"आणि माझा नाव गेला ता?"

"तुझा काय अण्णा. तू छप्पनचो. अजून किती दिवस काम करतलंस?"

हे पडल्या पडल्या, इतक्या सहज म्हणाला. पाय वर टांगलेला नसता तर मी काय केलं असतं माहीत नाही. काहीच केलं नसतं. कधी केलंय?

मला न विचारता दोघांनी मिळून ठरवलं, कोण गेलं तर चालेल.

२० जानेवारी, मंगळवार

विम्याचा माणूस काल येऊन गेला. फोटो काढले. विचारलं, बार कुठल्या भोकात? म्हटलं, तिसऱ्या. त्याने लिहून घेतलं. सीटकडे बघितलंही नाही. मीही दाखवली नाही.

आणि खरं सांगायचं तर, रस्त्यावरची गाडी तिसऱ्या भोकात द्यायलाच नको होती. डॉक्टर साठीचे. त्यांचा पाय विलासचा पाय नव्हे. चालवून झाली की दुसऱ्यात आणू असं ठरवलं होतं, पण डॉक्टरांना ते सांगितलं नव्हतं. त्या रविवारी वळणावर ते स्वतः असते तर? म्हणजे विलास खोटं बोलला, पण पूर्ण खोटं नाही. हेच जास्त लागतंय.

२२ जानेवारी, गुरुवार

शैला भावाकडे शीवला गेलेली. घरी मी आणि मुग्धा. निळा चाप टेबलावर ठेवला.

ती समोर बसली. मग म्हणाली, "मला वाटलं ट्रेलर पुढे सरकतोय. काका म्हणाला सोडू नकोस, ते ऐकू आलं होतं बाबा. पायाने ऐकलं नाही."

पुढचंही सगळं बरोबर सांगितलं. मागचं अंग गेलं, उलटं स्टिअरिंग कापायला उशीर झाला, त्यात ब्रेक मारला. माझ्यापेक्षा नेमकं. कंपनीने माणूस बरोबर निवडलाय.

मी म्हटलं, "मला सांगायचंस."

"तुम्ही मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिलात? पाने पुसायला बसवायचात लहानपणी. चालवायचं म्हटलं की, हे तुझं काम नाही. काकाने शिकवलं. म्हणून काकाला सांगितलं."

लालबागची पोरगी, आजोबा गिरणीत, बाप गाडीखाली. तिने तरी टेबलखुर्चीवर बसावं एवढंच मनात होतं. तिला ते असं ऐकू आलं.

म्हटलं, "तू जाऊन डॉक्टरांना सांग, असं मी म्हणणार नाही." ती उठली. चाप उचलून आत गेली.

२७ जानेवारी, मंगळवार

आज गॅरेजात एकही गाडी नाही. हत्यारं तेल लावून ठेवली.

शैलाला अजून काही माहीत नाही. तिने विचारलं, "भावाशी एवढं काय धरून बसलात? चूक झाली असेल तुमच्याकडून. माणूस आहात." म्हटलं, हो, झाली असेल.

१ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर अकरा वाजता गॅरेजात आले. गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेलीय, आतल्या वस्तू घ्यायला आले होते. मुग्धाला सकाळीच म्हटलं होतं, डॉक्टर येणार आहेत. येते म्हणाली. आली.

डॉक्टरांनी रोझरी, चष्मा, कागदांची पिशवी काढून घेतली. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "अनंतराव, रागाने नाही विचारत. इतकी वर्षं तुमच्याकडे येतोय. तुमची चूक होती का?"

मुग्धा दोन पावलांवर, वर्कबेंचला टेकून उभी.

मी म्हटलं, "बार माझ्या हाताने तिसऱ्या भोकात बसवला होता डॉक्टर. तुम्हाला न सांगता. ते चुकलंच."

"आणि बाकी?"

मी थांबलो. तिच्याकडे बघितलं नाही, पण थांबलो. समोरच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला, दुसरा गेला. डॉक्टरही थांबले होते. तिने एकदा श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

मग डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे." मुग्धाला नव्या नोकरीच्या शुभेच्छा दिल्या. ती "थँक यू डॉक्टर" म्हणाली.

आता दुपारचे चार. आत शैला तिची बॅग भरतेय. लाडू डब्यात का पिशवीत, यावर दोघींची चर्चा चाललीय. उद्या सकाळी सहाची बस. दादरपर्यंत सोडायला मीच जाणार आहे, तसं ठरलंय. तिथपर्यंत वीस मिनिटं लागतील. तेवढ्यात ती काही बोलली तर बोलली.