जमूची आई

बोईसर, ८ ऑगस्ट १९६६

ती. सौ. रंभावहिनींस,
उषाचा सा. न. वि. वि.

दादा जमूला घेऊन सेलूला सुखरूप पोचल्याचं कळलं. तिला न्या म्हणून मीच हट्ट धरला होता आणि आता घरात पाय ठरत नाही. दिवस गेल्यापासून माझं डोकंच ठिकाणावर नाही, वहिनी. तिचं दूध तोडायला कोरफड लावली, तर ती थुंकली आणि माझ्याजवळ यायचीच बंद झाली. समजूत काढायची सोडून मी तिला फटके दिले, मग तिच्यापेक्षा जास्त रडले. हे तारापूरला प्लांटच्या बांधकामावरून दमून येतात, त्यांच्यावर आमटीतल्या मिठावरून तडकते आणि लगेच मलाच हसू फुटतं. ते बिचारे अंगणात जाऊन उभे राहतात. भाजीवाली नवसी म्हणते, बाय, पोटुशीला असा व्हतंच, पन पोरीला कशाला धाडली? तिला काय सांगू?

जमूचं सगळं बारीकसारीक कळवा. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची,
उषा


सेलू, १९ ऑगस्ट १९६६

चि. सौ. उषास,
रंभाचे अनेक आशीर्वाद.

तुझी लेक इथे राज्य करते आहे. तुझे दादा घोडा झालेत आणि चाबूक तिच्या हाती. दूध आता वाटीने पिते. आधी संध्याकाळ झाली की दाराकडे बघायची. हल्ली मला आई म्हणते. मी मामी म्हणायला शिकवते, तर रागावते. तुझ्यापासून काय लपवू, ऐकायला गोड लागतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ती हाक कोणी मारली नव्हती.

तुझी सुटका होईपर्यंत राहू दे तिला. तू आराम कर, लोणचं खा आणि तुझ्या नागोरावांना छळ.

माया आहे, ती वाढावी.
तुझी वहिनी


बोईसर, १ सप्टेंबर १९६६

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. मग बसून रडले. ज्यांनी माझं लेकरू सांभाळलं त्यांच्यावरच जळले, खोटं कशाला सांगू. परवा उमरोळीला ह्यांच्या मित्राकडे जेवायला गेलो. त्यांची मुलगी आईच्या कडेवर चढली आणि मी भरल्या ताटावरून उठले.

घडीत असं, घडीत तसं माझं चालूच राहणार. तरी मला जमू हवी. बाळ आलं की मग ती मला कायमची परकी होईल, ही धास्ती बसली आहे. तुमच्या पाया पडते, तिला आणून सोडा.

चुकलं तर पोटात घाला.
उषा


सेलू, २४ सप्टेंबर १९६६

चि. सौ. उषास,
अनेक आशीर्वाद.

जमूला तुझ्यापाशी सोडून काल घरी पोचले. न सांगता निघाले म्हणून रागावू नकोस. बोईसरला उतरल्यावर जमू माझ्या पदराआड शिरली, तुझ्याकडे बघेना. तुझा चेहरा मला पाहवला नाही. आणि मनातून मला बरंही वाटलं, उषा. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता तू रडायला लागलीस, का ते तुलाही सांगता येईना. जमू माझ्या मांडीवर होती. ती उठली, पिठाच्या डब्यात हात घालून तुझ्याकडे गेली आणि त्याच हातांनी तुझे डोळे पुसू लागली. दोघी पांढऱ्या झालात आणि हसत सुटलात. मी तेव्हाच पिशवी भरायला घेतली.

राग येईल, रडू येईल, येऊ दे. तिला जवळ घेऊन रड. हात मात्र उगारू नकोस.

इथे घर खायला उठलंय. ती माझी आठवण काढत असेल तर जरूर कळव. काढत नसेल, तर त्याबद्दल काही लिहू नकोस.

तुझीच,
जमूची मामी