बरणीवरची चिठ्ठी

तीर्थस्वरूप लमायताईस धाकट्या थवीपचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती ठीक (रक्तदाब १४८/९२, डाव्या हातावर, बसून). आईच्या दहनाच्या दिवशी तू कोणाशी न बोलता दुपारची बस धरलीस, त्याला आज एक्क्याण्णव दिवस झाले. चितेजवळ उभं राहून आईत पाणी किती आणि कार्बन किती हे मी पाहुण्यांना सांगायला नको होतं, हे मला मान्य आहे. (आकडे बरोबर होते.)

समुद्रात सोडून उरलेल्या अस्थींचे मी दोन सारखे वाटे केले, प्रत्येकी ४१२ ग्रॅम. वरोनी म्हणाली, "घरात एकच बरणी राहील. एकदा सासूबरोबर बावीस वर्षं काढली, तेवढं पुरे." तेव्हा दुसरी बरणी मी शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटात ठेवली. तुला ठाऊकच आहे, पुस्तकं वाचून स्वतः शिकलेला मी तिथे विनावेतन रसायनशास्त्र शिकवतो, आणि चिठ्ठीशिवाय कपाटात काही ठेवू नये हा माझाच नियम. चिठ्ठीवर आत जे आहे तेच लिहावं, हाही माझाच. म्हणून लिहिलं: कॅल्शियम फॉस्फेट, ४१२ ग्रॅम.

मी दोन दिवस तापाने घरी होतो. तेवढ्यात मुख्याध्यापिका प्रानोमबाईंनी चिठ्ठी वाचली. हे झाडांना मानवतं, असं त्यांना मीच सांगितलं होतं (खरं आहे, पण आधी बारीक कुटावं लागतं, तेही त्यांनी मुलांकडून करून घेतलं). सगळी बरणी शाळेच्या मिरच्यांना गेली. मी आलो तर ती धुऊन पालथी घातलेली.

खरं कळल्यावर बाई वाफ्यासमोरच हात जोडून बसल्या. मग म्हणाल्या, "अहो थवीपसर, नुसतं 'आई' लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

नेमका त्याच दिवशी धडा होता, वस्तुमान नष्ट होत नाही. सहावीतली कुंग, त्या कोळंबीवालीची मुलगी, म्हणाली, "सर, मग तुमची आई आहे ना अजून?"

"आहे. विखुरली आहे."

"मग गोळा करा की."

मिश्रणातले घटक वेगळे करायच्या सहा पद्धती मला तोंडपाठ आहेत, ताई. एकही लागू पडेना. उरलेला तास मी फळा पुसत होतो.

आईच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला नऊ दिवस उरले. भिक्षूंना सांगून ठेवलं आहे.

तुझा,
थवीप

ता. क. मिरच्यांना यंदा फार फळं धरली आहेत. कोणी तोडत नाही.

आणखी ता. क. शाळेतली बरणी माझ्या वाट्याची होती. तुझी घरात, बुद्धाच्या फळीवर आहे. त्यातलं अर्धं मला देशील का? तू समोर असल्याशिवाय मी झाकण उघडणार नाही, म्हणजे तुला यावं लागेल. त्या बरणीवरही चिठ्ठी लावली आहे. 'आई' एवढंच लिहिलं आहे. वजन घातलेलं नाही.