दिवा आप्पासाहेबांच्या मागे, आप्पासाहेब दिव्याच्या मागे

३ नोव्हेंबर १९८१
माझ्या नाटकाला फॉलो स्पॉट हवाच, असं मंडळाने ठरवलं. ठराव चिटणीस श्रीनिवासचा. नाटकात नाट्य कमी आहे, ते दिव्याने भरून निघेल, असं त्याचं म्हणणं. माझ्यासमोर म्हणाला! तीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या मजकुराला कात्री लावली, आता आपली पाळी. प्रयोग एकच, बावीस तारखेला.

५ नोव्हेंबर
दिव्याचं काम मकबूलकडे. येरवड्याहून सायकलवर येतो. पंचवीस वर्षं बाल्कनीत मागे उभा राहून असाच दिवा फिरवतोय. म्हणाला, "बाकीचे दिवे जागेवर असतात. हा एकटा माणसाच्या मागे जातो. नटाला कळतासुद्धा कामा नये."
आप्पासाहेबांना सांगितलं. वय एकाहत्तर. नाटकातले न्यायमूर्ती तेच, म्हणजे नाटकच ते. म्हणाले, "मागे फिरायला तो काय पोलीस आहे?"

८ नोव्हेंबर
मुंबईहून भाड्याने आणलेल्या दिव्यावर पहिली तालीम. हलका दिवा, बोटाने वळतो, उजेडाचा गोल लहानमोठा करता येतो. सगळं चांगलं. घोटाळा निराळाच.
आप्पासाहेब शिकले तेव्हा दिवे हलत नसत. नटाने उजेडात जाऊन उभं राहायचं. अंधारात राहिला तर चूक त्याची. चाळीस वर्षं ते उजेड शोधतायत. मकबूल पंचवीस वर्षं नट शोधतोय. आज दोघांची गाठ पडली!
आप्पासाहेब अर्धं पाऊल डावीकडे सरकले. मकबूलने गोल सरकवला, तो केसभर पुढे गेला. आप्पासाहेबांना वाटलं, आपण उजेडाबाहेर राहिलो. आणखी एक पाऊल. गोल आणखी पुढे. "मी या न्यायासनावरून सांगतो" या वाक्यापर्यंत न्यायमूर्ती विंगेत गेले होते. दिवाही. रंगमंचावर उरली त्यांच्या मुलीचं काम करणारी मंदाकिनी. "बाबा, जाऊ नका" हे तिचं तिसऱ्या अंकातलं वाक्य, ते तिने पहिल्यातच म्हणून टाकलं.

९ नोव्हेंबर
दोघांना वेगवेगळं भेटलो.
आप्पासाहेब— "त्याला सांगा, एका जागी धर. मी येतो."
मकबूल— "साहेबांना सांगा, उभे राहा. मी येतो."
दोघंही बरोबर. काय करणार!

११ नोव्हेंबर
दिवा बदलला. हा मकबूलने स्वतः तेलाच्या डब्यापासून बनवलेला. उजेड मऊ, पण डोकं जड. स्क्रू कितीही आवळला तरी हळूहळू खाली कलतो. आप्पासाहेबही कलले. आधी वाकले, मग गुडघ्यावर आले, मग मांडी घातली. स्वगत संपलं तेव्हा न्यायमूर्ती आडवे होते. आवाज मात्र खणखणीत.
श्रीनिवास म्हणाला, "हे छान आहे. मृत्यू सूचित होतो."
नाटकात कुणी मरत नाही.

१४ नोव्हेंबर
तिसरा दिवा. बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजमधला, कार्बनच्या कांड्यांवर जळणारा. कांड्या जळतील तशा पुढे सरकवत राहायचं. पांढराशुभ्र उजेड, फुसफुस आवाज, वर धूर. वळायला इतका जड की आप्पासाहेब अख्ख्या अंकात चार पावलं चालले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाच घेतला. उजेड चेहऱ्यावर कसा पडतो ते कुणी पाहिलंच नाही.

१७ नोव्हेंबर
मकबूलने दिव्याला तेलपाणी केलं! कामाचा माणूस, यंत्र अडकलेलं बघवेना. आता लोण्यासारखा फिरतो. आप्पासाहेब पायऱ्या उतरून प्रेक्षागृहात आले आणि पश्चात्तापाचं स्वगत त्यांनी तिसऱ्या रांगेत पूर्ण केलं.

१८ नोव्हेंबर
तातडीची बैठक. दुपारी दोनला ठेवली, म्हणजे आप्पासाहेब झोपलेले असतात. दिवा काढायचा की आप्पासाहेबांना? श्रीनिवास म्हणाला, दिवा जाहिरातीत छापलाय. निकाल लागला. त्यांच्या जागी कोण, हा विषय पुढच्या बैठकीत.
मग माझ्याकडे वळला, "तुम्ही लेखक. शब्द तुमच्याकडे असतात. तुम्हीच सांगा त्यांना." एकवीसपर्यंत सांगायचं.

१९ नोव्हेंबर
नारायण पेठेत त्यांच्या घरी गेलो. सरोजिनीबाईंनी चहा दिला. त्या नाटकाला कधीच येत नाहीत. "घरी रोज असतं," म्हणाल्या.
आप्पासाहेब पाठ म्हणत होते. एक अक्षर चुकत नव्हतं. थांबले. "बोला."
"सहज आलो होतो."
"पुण्यात सहज कुणी येत नाही."
मी चहा संपवला. त्यांनी माझी कपबशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "हे माझं शेवटचं काम. मनापासून करतोय." मी उठलो.

२० नोव्हेंबर
पत्र लिहिलं. बारा ओळी. कापून सहा केल्या. मग दोन. दोन ओळींत तर फारच वाईट वाटतं. खिशात ठेवलंय.

२१ नोव्हेंबर
रंगीत तालीम. पत्र आधी द्यायचं होतं, दिलं नाही. पहिल्या अंकात आप्पासाहेब दिव्यामागून पायऱ्या उतरू लागले आणि मटकन खाली बसले. "पाय मुरगळला." मकबूल बाल्कनीतून धावत आला. मी खिशावर हात ठेवून उभा. पहिला विचार आला तो— सुटलो! लाज वाटते लिहायला.
श्रीनिवास प्रयोग रद्द करायला निघाला. आप्पासाहेब म्हणाले, "कशाला? मी विंगेत खुर्चीवर बसून बोलतो. रंगमंचावर दिवा चालेल."
"एकटा?"
"अहो, आजवर तोच चालत होता."
दोघांनी धरून रिक्षात बसवलं त्यांना.

२२ नोव्हेंबर
पडदा उघडला. गोल एकटाच आला, सावकाश, न्यायासनापाशी थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "नट कुठाय?" शेजारचा म्हणाला, "प्रायोगिक आहे. गप्प बसा."
विंगेतून आप्पासाहेबांचा आवाज, रंगमंचावर मकबूलचा उजेड. दोघांची चुकामूक नाही! संतापला की गोल आवळून मुठीएवढा व्हायचा. शरमला की कोपऱ्यात जायचा. मंदाकिनी त्याच्या पाया पडली. पाय कुठे आहेत ते तिला बरोबर कळलं. मध्यंतरात मला म्हणाली, "माझी वाक्यं मध्येच तोडत नाहीत हे. बरे आहेत."
शेवटी गोल खुर्चीवर बसला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाई रडत होत्या. पडदा पुन्हा उघडला. दिव्याने पुढे येऊन वाकून नमस्कार केला. दोनदा.

२३ नोव्हेंबर
आमच्याच वर्तमानपत्रात परीक्षण. मी लिहिलेलं नाही. "आप्पासाहेबांचा अभिनय कमालीचा संयत. प्रकाशयोजना पूरक."
मकबूलने विचारलं, "पूरक म्हणजे?"
"म्हणजे होती."
खिशातलं पत्र फाडलं. आणखी चार प्रयोगांची मागणी आहे, पण असाच करणार असाल तर, असं सगळे म्हणतात.

२९ नोव्हेंबर
आप्पासाहेबांची चौकशी करायला गेलो. घरी नव्हते. सरोजिनीबाईंना विचारलं, पाय कसा आहे?
"पायाला काय झालंय?"
"तालमीत मुरगळला ना. प्रयोगाच्या आदल्या दिवशी."
"कुणाचा? अहो, प्रयोगाच्या दिवशी सकाळी पर्वती चढून आले. येताना तुमच्यासाठी पेढेही आणले होते. म्हणाले, आता त्यांना मला काही सांगावं लागणार नाही."