फकीर मोहम्मद यांची वही परत करण्याबाबत

मी, सुधाकर नारायणराव पळसकर, वय ७६, पदार्थविज्ञानाचा इतिहासकार, राहणार नांदुरा, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीवर हे लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके माझ्याकडे काही नाही.

कलम १. घर मुलगी भार्गवी हिला. छत गळते, पण नेहमी एकाच जागी. तिथे बादली आहे. बादलीही तिलाच.

कलम २. ‘वऱ्हाडातील लंबक-प्रयोग’ या माझ्या एकमेव ग्रंथाच्या उरलेल्या २१२ प्रती प्रा. नीरजा डांगे यांना. हे आकडे लंबकाचे वाटत नाहीत, असे त्यांनी परीक्षणात लिहिले होते. तेव्हापासून एकोणीस वर्षे मी त्यांना पाहून रस्ता ओलांडतो. आता ओलांडणार नाही.

कलम ३. वरवट बकालचे सुतार फकीर मोहम्मद यांची वही मी त्यांच्या मुलीकडून आठ दिवसांसाठी आणली. त्याला सत्तावीस वर्षे झाली. वही उर्दूत आहे. मला उर्दू येत नाही. उर्दू आकडे मी एका दुपारी शिकलो. पदार्थविज्ञानाला तेवढे पुरते, अशी माझी समजूत होती. एका रकान्यात दोरीची लांबी, दुसऱ्यात झोक्यांची संख्या. एका खेड्यातल्या सुताराने एकट्याने लंबकाचा अभ्यास केला, हे मी सिद्ध केले. पावसाळ्यात त्यांची मोजमापे का बिघडतात, यावर बेचाळीस पाने लिहिली. कारण दिले हवेतील ओलावा.

कलम ४. यंदा भाद्रपदात त्यांची मुलगी अजीजुन्निसाबी घरी आल्या.

“सर, वही देता का? नातीचे दिवस भरत आले.”

“वहीचा काय संबंध?”

“पाळण्याची वही हाय ना ते. किती दोरीले कोणाचं लेकरू किती झोक्यात झोपलं, अब्बा लिहून ठेवत.”

मी पावसाळ्याची पाने दाखवली. “मग इथे पाचशे झोके कसे?”

त्यांनी नाव वाचले. “हा तर आमचा रशीद. सर्दी झाली असंन त्याले. नाक बंद असल्यावर लेकरू झोपते काय?”

मी चहा दिला. वही दिली नाही. त्या आणखी दोनदा आल्या. दोन्ही वेळा चहा दिला.

कलम ५. म्हणून हे मृत्युपत्र. मेल्यावर वही देणे मला सोपे वाटले. परंतु मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, असे वकिलांनी सांगितले. अजीजुन्निसाबींची नात मलिहा हिचे दिवस येत्या आठवड्यात भरतात. तिचे वडील आसिम यांनी पाळणा केला आहे, दोरी बांधायची वहीसाठी थांबवली आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. सबब हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आज, सही होताच, अमलात यावे. वही टेबलावर ठेवली आहे.

कलम ६. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, अशी हरकत वकिलांनी अजीजुन्निसाबींबाबत घेतली. हरकत मला मान्य नाही. या मृत्युपत्रातून त्यांना काहीही मिळत नाही. वही त्यांचीच आहे.

ठिकाण: नांदुरा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५

(सही) सुधाकर नारायणराव पळसकर

साक्षीदार:
१. (सही) उकंडराव घोगरे, शेजारी
२. (सही, उर्दूत) अजीजुन्निसाबी, वरवट बकाल. सही करून, वही घेऊन लगेच निघाल्या. चहा घेतला नाही.