चेहरा समाविष्ट, हातपाय वेगळे

आदरणीय दादा यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. (नमस्काराला दोन्ही हात लागतात, ते सध्या माझ्याकडे फुकट आहेत.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? सौ. आणि सासूबाई शुक्रवारपासून तुमच्याकडे आहेत, तेव्हा त्यांची प्रकृती उत्तम असणारच. त्या माझं नाव काढतात का ते कळवा, पण कोणत्या विशेषणासकट काढतात ते कळवू नका.

या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात, हे मी अत्यंत आदराने नमूद करतो. मागे आमच्याकडे जेवताना तुम्ही सांगितलंत की एखादी वस्तू फार महाग पडली तर इंग्रजीत ‘एक हात आणि एक पाय मोजावा लागला’ म्हणतात, आणि त्याचा उगम असा की पूर्वीचे चित्रकार माणसाचं चित्र काढताना हातापायांचे वेगळे पैसे घेत. एवढं बोलून तुम्ही पाणी प्यायलात आणि विषय विसरलात. तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवता. तुमचं ऐकून कोणी काही करत नाही, याची तुम्हाला सवय आहे. मी मात्र पोटासाठी माणसांची चित्रं काढणारा. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत पाटी लागली: ‘चेहरा समाविष्ट. हात व पाय प्रत्येकी वेगळे.’

माणूस किती अवयवांवाचून निभावू शकतो, हे मला त्या पाटीनंतर कळलं. वकीलसाहेब दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून बसले, आणि बाही म्हणजे हात नव्हे, कापड, यावर त्यांनी इतका युक्तिवाद केला की मी बाह्या फुकट काढून दिल्या. बेकरीवाल्या नवराबायकोने दोघांत मिळून एक हात घेतला. तो कोणाचा, यावरून आता त्यांच्यात बोलणं बंद आहे. (मला विचाराल तर तो बायकोचा आहे, पण मी मध्ये पडत नाही.) केस कापणाऱ्याला नुसते हातच हवे होते, कारण चेहरा बघून कोणी केस कापून घेत नाही, आणि न काढलेल्या चेहऱ्याचे पैसे तो वजा करून मागत होता. कळस केला पोहण्याच्या क्लबाने. अख्खी कार्यकारिणी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. हातपाय शून्य, आणि तेवढं पाणी रंगवता रंगवता माझा सगळा निळा रंग संपला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

तरीही गाडी चालली असती. पण सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या, त्यांची पंच्याहत्तरी आली, आणि सौ.ने त्यांचं चित्र काढायला सांगितलं. मी धंद्याचा नियम म्हणून, अगदी सहज, विचारलं की हात घ्यायचे की कसं. सासूबाई म्हणाल्या, “राहू द्या हो हात, जावईबापू.” आता वडीलधाऱ्यांचा शब्द कसा मोडायचा? मी त्यांना हनुवटीपासून खाली शालीत गुंडाळून खुर्चीत बसवलं. चेहरा हुबेहूब साधला होता, फक्त एकूण आकार पोस्टात टाकायच्या पार्सलासारखा झाला. तुम्ही गुडघ्यामुळे समारंभाला आला नाहीत म्हणून सांगतो: पडदा सरकला आणि पाहुणे हळूच विचारू लागले, अपघात कधी झाला. एका जुन्या मैत्रिणीने तर रडून घेतलं. बिचाऱ्या सासूबाई लोकांची खात्री पटावी म्हणून संध्याकाळभर दोन्ही हात वर करून हिंडत होत्या.

पाहुणे गेल्यावर सौ. चित्रासमोर उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “आईचे हात तुम्हाला तिसऱ्यांदा वाढताना दर सांगत नव्हते.” आणि आईला घेऊन निघून गेली. दादा, घर खायला उठलंय. स्टुडिओत ते चित्र आणि मी असे दोघेच आहोत, आणि मला फार वाईट वाटतं.

अशात काल तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिता की चित्रकारांची ती गोष्ट कोणीतरी मागाहून रचलेली दिसते, पुरावा काही नाही. कोणी म्हणतं युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवरून आलं, कोणी म्हणतं हातपाय माणसाला प्रिय असतात म्हणून. नक्की कोणालाच ठाऊक नाही. ज्याला नक्की ठाऊक नाही त्याने दुसऱ्याच्या घरी गप्प जेवावं. आपल्याकडे बघा, वस्तू महाग पडली की डोळे पांढरे होतात. स्वतःचेच होतात, आणि चित्रकाराला त्यात काही करावं लागत नाही. असो. पाटी मी उतरवली आणि तिच्या फळीतून ईझलचा मोडका पाय दुरुस्त केला. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
सध्या स्वतःच्या हाताने करून खाणारा मेहुणा

ता. क. सासूबाईंचे हात काढायला घेतले आहेत, विनामूल्य. पण आठवणीतून काढले की दर वेळी उजव्या हातात वाढायची पळी येते आणि पळीचं तोंड माझ्या ताटाकडे. मला त्यांचे हात एवढेच ठाऊक आहेत असं दिसतं. तेव्हा रविवारी रंग घेऊन येतो. त्यांनी थोडा वेळ खिडकीशी बसावं, आणि परतताना सौ.ने माझ्याबरोबर यावं, ही खरी विनंती. तुम्ही तिला काही सांगू नका, तुमचं ती ऐकत नाही. हे पत्र टेबलावर विसरल्यासारखं उघडं ठेवा.

ता. ता. क. अवाच्या सवा पैसे द्यावे लागले तर इंग्रज ते ‘नाकातून मोजतात’, असंही त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात. याचा उगम चित्रकारांपर्यंत नेता येतो का ते कळवा; पुराव्याची अट नाही. वकीलसाहेब पुन्हा येणार आहेत आणि त्यांचं नाक बघण्यासारखं आहे. (पत्र टेबलावर ठेवण्यापूर्वी एवढा भाग फाडावा.)