दोन लांब, एक आखूड

लिपोव, नेब्रास्का
रविवार, १८ ऑक्टोबर १९३१

प्रिय व्लास्ता,

आधी डबा उघड, मग पत्र वाच. वरच्या थरात गोड सारणाचे कोलाचे पाव आहेत, बारा खसखशीचे आणि बारा आलुबुखारचे. टपालात चेपले असतील, पण चव काही चेपत नाही. खाली पत्र्याच्या डबीत बदकाच्या चरबीचं मलम आहे. ते सकाळ-संध्याकाळ हातांना चोळायचं. कशाला ते आत्ता विचारू नकोस. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे, तीही लगेच सांगून टाकते, शेवटपर्यंत दम धरणं मला जमत नाही. अकरा नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा सण आहे, त्याच्या आत घरी ये. आणि ये म्हणते ते चार दिवसांची पाहुणी म्हणून नव्हे, ट्रंक घेऊन ये. आता ‘आजीला ओमाहातलं काय कळतंय’ असं म्हणून पत्र बाजूला टाकू नकोस. मला शाळा मिळाली ती दोन हिवाळ्यांपुरती. एक पान लिहायला मला चार कोंबड्या सोलण्याइतका वेळ लागतो. एवढे कष्ट घेतलेत, तर पुरतं वाच.

इकडे आम्ही मजेत आहोत. अगदी खरं सांगते, मजेत. अंडी डझनाला दहा सेंटवर आलीत, पण कोंबड्यांना कुठं वर्तमानपत्र वाचता येतं, त्या आपल्या घालतातच. मग आम्हीही खातोच. तुझ्या आजोबांनी तुझा पियानो घेतला तेव्हा गहू दोन डॉलर बुशेल होता, आठवतं? म्हातारा हिशेबच न करता दुकानातून पियानो घेऊन आला होता आणि वर म्हणाला होता, ‘गहू काय, पुढच्या वर्षी अडीच होईल.’ तोच गहू आज पाव डॉलरला कुणी हात लावत नाही. पण पियानो अजून दोन डॉलरवालाच आहे, त्याचा भाव उतरलेला नाही. मैद्याची पोती कुणी टाकत नाही आता. झेमानबाईनं त्यांचे परकर शिवले, पण गिरणीची शाई काही केल्या जाईना. परवा वाऱ्यानं झगा उडाला तर मागं ठळक अक्षरात ‘शुद्ध माल, ४८ पौंड’. सगळ्या बायका हसून वाकल्या. झेमानबाई म्हणते कशी, “हसा गं हसा. अठ्ठेचाळीस पौंड म्हणून छापणारी गिरणी मला तरी देवासारखी वाटते.”

जुलैत टोळ आले ते मी लिहिलंच होतं. आपल्याकडे तसं थोडक्यात निभावलं. वरच्या अंगाला मात्र त्यांनी मका खाल्ला, दोरीवरचे पडदे खाल्ले आणि म्हाताऱ्या पेशेकच्या भावाच्या फावड्याचा दांडासुद्धा कुरतडला, घामाचं मीठ मुरलं होतं म्हणे त्यात. पेशेक म्हणतो, “माझा दांडा असता तर उपाशी मेले असते.” त्याच्या आळशीपणावर दुसऱ्यानं बोलायची सोयच राहिली नाही, तो स्वतःच बोलून मोकळा होतो. रेडिओवर सांगतात की बरे दिवस कोपऱ्यावर येऊन ठेपलेत. पेशेक म्हणतो, लिपोवला कोपरा एकच, माझ्या दुकानाचा, आणि तिथं मी दिवसभर बसलेला असतो, अजून कुणी आलेलं दिसलं नाही. न्यूयॉर्कात म्हणे एकशे दोन मजल्यांची इमारत बांधलीय आणि वर राहायला भाडेकरू मिळेनात. मी म्हटलं, आमच्या कोंबड्यांना विचारा, त्यांना उंचावर बसायला आवडतं. गेल्या वर्षी तू गेलीस तेव्हा चौकात ते चेंडू ढकलायचं छोटं गोल्फ निघालं होतं ना, सगळी पोरं वेडी झाली होती? आता तिथं वोंद्राच्या बकऱ्या चरतात आणि एक बकरी बरोबर त्या लहानशा पवनचक्कीच्या दारात झोपते. बाकी आपल्या तळघरात जे उकळतं ते अजून उकळतं, दारूबंदीच्या कायद्याला कळवायचं कारण नाही.

आणखी एक बदल झालाय, तो तुला कुणी लिहिला नसेल. फादरना आता दोन गावं सांभाळावी लागतात, पलीकडच्या गावाला वेगळा धर्मगुरू ठेवणं परवडेना. त्यामुळे एक सप्टेंबरपासून आपली रविवारची प्रार्थना आठ वाजता. अकराला ते तिकडे असतात आणि आम्ही घरी बटाटे सोलत बसलेले. इतक्या वर्षांची सवय, पहिले दोन रविवार मी टोपी घालूनच बटाटे सोलले.

आता रेडिओची गंमत ऐक. कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका कुटुंबाकडून मी तो एका वासराच्या बदल्यात घेतला. आपल्या टेलिफोनच्या एकाच तारेवर माझ्याशिवाय दहा घरं, घंटी कुणाचीही असो सगळीकडे वाजते, आणि रेडिओ फक्त माझ्याकडे. मग काय, संध्याकाळी विनोदी कार्यक्रमाची वेळ झाली की मी हँडल फिरवून एक लांबलचक घंटी देते, रिसीव्हर खुर्चीवर उशी ठेवून रेडिओच्या कर्ण्यापुढं टेकवते आणि दहा घरं कानाला लावून बसतात. पण एक अडचण आहे. एकेक जण उचलतो तसतसा आवाज बारीक होत जातो. चौघांपर्यंत ठीक, सातव्याला मुंगी बोलल्यासारखं, आणि दहाही घरांनी उचललं की रेडिओतला माणूस विहिरीच्या तळाशी पडल्यासारखा वाटतो. मग मी रिसीव्हरमध्ये तोंड घालून ओरडते, “अरे, दोन घरांनी मिळून एकच धरा!” परवा बेसबॉलचा शेवटचा सामना सेंट लुईसनं जिंकला, तो दहा घरांनी असा विहिरीतून ऐकला. आता मला न सांगताही कळतं कोणी उचललंय. झेमानबाईकडे पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी ओरडतो. पेशेकच्या नाकाची शिट्टी वाजते. वोंद्राकडचं घड्याळ वेळी-अवेळी बारा टोले देतं. कुणी चोरून ऐकायचं म्हटलं तरी या गावात चोरी करता येत नाही.

तू पत्रात सिनेमांबद्दल इतकं छान लिहितेस. कोणती नटी, कोणता झगा, तू पियानो वाजवतेस त्या थिएटरात किती गर्दी. मी ते सगळ्यांना वाचून दाखवते. दाखवत होते म्हणू या. आपल्या वोंद्रानंही आपल्या हॉलमध्ये बोलकं यंत्र आणलंय, कुठूनसं जुनं. तबकडीवर आवाज आणि पडद्यावर चित्र, दोघांचं नवरा-बायकोसारखं, एकाच घरात राहतात पण एकमेकांशी जुळत नाही. तिकीट म्हणून डझनभर अंडीही चालतात. गेल्या महिन्यात नायक नायिकेला जवळ घेतो आणि तेवढ्यात सुईनं उडी मारली, तर तिच्या तोंडून फौजदाराचा आवाज, “हात वर!” झेमानबाईनं खरंच हात वर केले. मांडीवरची अंडी गेली. वोंद्रा डोकं धरून बसला आणि म्हणाला, “पियानो होता तेव्हा असलं काही होत नव्हतं.” मी म्हटलं, पियानो कुठं होता रे तुझ्याकडं, पियानो वाजवणारी होती, सोळा वर्षांची, आणि तिला तू एका सरबतावर राबवलीस.

हल्ली मात्र माझ्याकडे माणसांची फार ये-जा आहे. तीन आठवड्यांपूर्वी पहिला आला पेशेक. “सहज इकडून चाललो होतो,” म्हणाला. त्याचं घर गावाच्या त्या टोकाला. माझ्याकडून पुढं फक्त दफनभूमी आहे, म्हणून मी म्हटलं, “एवढी घाई कशाची?” तर म्हातारा हसला, आत आला, पियानोचं झाकण उघडलं आणि खिशातून सूर लावायची किल्ली काढली. तीही सहजच खिशात होती म्हणे. दोन दिवस बसून त्यानं एकेक तार लावली. घोड्याच्या खोगिराचं कातडं कापून पट्ट्यांखाली घातलं, आणि मजुरी म्हणून फक्त सूप प्यायला. मी विचारलं, “कुणासाठी रे?” तर म्हणाला, “उंदरांसाठी. बेसूर पियानोत उंदीर होतात.”

मग झेमानबाई. तीच झेमानबाई, जिनं बावीस वर्षं चर्चच्या ऑर्गनला कुणाला बोट लावू दिलं नाही. तू नऊ वर्षांची असताना नुसती एक पट्टी दाबलीस तर तुझ्या बोटांवर छडी मारली होती, ती. आली, खुर्चीत बसली आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं. संधिवात. आता वाजवणं व्हायचं नाही, डिसेंबरपासून कुणीतरी तरुण बघा. मी हळहळले. तासाभरानं कॉफी पिताना परत बोट दाखवलं, ते डाव्या हाताचं. आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे मीठ मागायला गेले तर बाई टेबलभर कणीक मारून मारून ताणत होती, एवढी पातळ की खालून वर्तमानपत्र वाचावं. मला बघून हात एप्रनखाली. मी मीठ घेऊन परत आले. वोंद्राही येऊन गेला. जुने मुके सिनेमे आता कुणी विचारत नाही, फुकटासारखे मिळतात, तर बुधवारी ते लावावेत म्हणतो. फक्त वाजवायला कुणी हवं. हे बोलताना माझ्या छताकडे बघत होता. मी विचारलं, “तुझ्या मनात कुणी आहे का?” “छे छे, सहज बोललो.” शिवाय तीन आया वेगवेगळ्या दिवशी येऊन विचारून गेल्या, तुमचा पियानो कोणत्या वारी मोकळा असतो, पोरींना शिकायचंय. एक बटाटे देणार, एक दूध, आणि तिसरी मधाचा डबा आगाऊच ठेवून गेली. तुझी मैत्रीण रुझेनाही दर शनिवारी येते, तोंड उघडते, लाल होते, आणि हवेबद्दल बोलून जाते. तिला रागावू नकोस. तिनं तुला दिलेला शब्द अजून पाळलाय.

आता पोरी, ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. सत्तावीस सप्टेंबरला, रविवारी, सकाळी अकरा वाजता घंटी वाजली. तीन आखूड. तीन आखूड म्हणजे फोन रुझेनाला, मला नव्हे. हातातला बटाटा टाकून मी रिसीव्हर उचलला. या वयात आता मी काही सुधारत नाही. तू बोलत होतीस. वेळ तू नीट विचार करून धरली होतीस, सगळं गाव चर्चमध्ये असायची. प्रार्थना आठला गेल्याचं तुला ठाऊक नव्हतं, एवढीच तुझी चूक. तू म्हणालीस, मे महिन्यात थिएटरनं बोलकं यंत्र बसवलं आणि पियानो विकून टाकला. तू लॉण्ड्रीत हॉटेलांच्या चादरी पिळतेस, हातांची सालपटं निघालीत, आणि आजीला लिहायचे सिनेमे बाहेरच्या जाहिराती वाचून लिहितेस. मग रडत म्हणालीस, “आजीला सांगू नको गं. तिनं बँड लावून मला गाडीत बसवलं होतं. आता कोणत्या तोंडानं उतरू?” आणि जरा वेळानं, “रुझेना, मोठ्यानं बोल ना, तार खराब आहे वाटतं.” तार ठणठणीत होती, बाळ. रुझेना धरून मी चौथी होते. त्याआधीच कॅनरी ओरडत होता आणि शिट्टी वाजत होती, मग घड्याळानं बारा टोले दिले. शेवटी तर तुझा आवाज इतका बारीक झाला की मी डोळे मिटून ऐकलं. या गावात गाईला खोकला झाला तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळतो. पण तीन आठवडे झाले, दहा घरांतून एक शब्द बाहेर पडलेला नाही, माझ्यापाशी नाही की एकमेकांपाशी नाही. येतात, बोटं दाखवतात, छताकडे बघतात आणि जातात. लिपोवमध्ये असं यापूर्वी कधी झालेलं नाही. तुला विचार पडलाय कोणत्या तोंडानं उतरू. अगं, सगळ्यांना सगळं आधीच माहीत आहे, तुला सांगायचं असं काही उरलेलंच नाही, ही केवढी सोय! बँड हवा असेल तर तोही आहे, फक्त पियानोची जागा रिकामी आहे. उत्तर लिहीत बसू नकोस. येत्या रविवारी अकरा वाजता फोन कर. माझी घंटी दोन लांब, एक आखूड, विसरली नसशील. मी पहिल्या घंटीला उचलीन. मग तुझा आवाज हळूहळू बारीक होत जाईल, तेव्हा तार खराब आहे म्हणून ठेवून देऊ नकोस. फक्त ‘येते’ एवढंच म्हण, आणि जरा मोठ्यानं म्हण, म्हणजे दहाव्या घरापर्यंत पोचेल.

तुझीच,
बटाटे सोलणारी आजी