गच्चीवरची काठी आणि माझा हातगुण

५ एप्रिल, रविवार. दुपारी, जेवणं झाल्यावर.

ही डायरी मेडिकलवाल्याने दिली. वर खोकल्याच्या औषधाची बाटली छापलीय. उज्वला म्हणाली, आई, यात तुमच्या गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवा. सूनबाई, गोळ्यांच्या वेळा मला पाठ आहेत. मी यात माझ्या मनातलं लिहिणार. चौथी पास आहे मी. गुरुजी म्हणायचे, नवसाबाईचं अक्षर म्हणजे मोगऱ्याची कळी. आता हात कापतो म्हणून कळी जरा उमललेली दिसते एवढंच. डायरी गव्हाच्या कोठीत ठेवणार. कोणी वाचायची नाही.

तर विषय असा की आमची दिशा, माझ्या मुलाची, संतोषची थोरली, रेडिओवाली झाली. गाणी लागतात तो रेडिओ नव्हे. यात आपण बोलायचं, लांबचा माणूस ऐकतो आणि उलट बोलतो. मोबाईलला रेंज नसली तरी. परीक्षा देऊन लायसन काढलंय तिने. आमच्या मखमलाबादच्या मळ्यांत असं लायसन दुसऱ्या कुठल्या पोरीकडे नाही. मी कालच चार घरी सांगून आले.

आता तिला अँटेना करायचीय, कुठंही उचलून नेता येईल अशी. मासे धरायची लांब काठी आणलीय, एकात एक सरकणारी. ओढली की सात मीटर. तिच्यावरून वायर न्यायची, खाली आणखी चार वायरी जमिनीवर पसरायच्या. १० मेला हरसूलकडच्या डोंगरावर सराव आहे. दरड कोसळली, फोन बंद पडले, तर निरोप कसा धाडायचा याचा. तिथून दिशाचा निरोप नाशिकला नीट पोचला तर तिला पथकात घेणार. मग पावसाळ्यात जिथं दरड तिथं दिशा.

ऐकून मला फार आनंद झाला. पोटात गोळा आला तो आनंदाचाच असणार.

संकल्प: पोरीला सगळी मदत करायची. घाबरायचं नाही. म्हणजे मी घाबरतच नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.

८ एप्रिल, बुधवार.

आज मजा. प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळायची होती. दिशाचे वेढे एकमेकांवर चढायला लागले. म्हटलं, आण इकडं. पन्नास वर्षं गजरे बांधलेत मी, केळीच्या सोपटाने, पहाटे चार वाजता डोळे मिटून. बत्तीस वेढे असे ओळीत बसवले की दिशा म्हणाली, आजी, मशीनला लाजवलंस. हे (म्हणजे दिशाचे आजोबा) बाजेवरून म्हणाले, संतोषची आई, आता फक्त मोगरा खोवायचा राहिला.

चिमटा कितव्या वेढ्याला लावायचा त्यावर बँड, म्हणजे रेडिओची बोलायची वाट, ठरतो. चाळीस मीटर, वीस मीटर, दहा मीटर. चाळीस मीटर ऐकून मी उज्वलाच्या खांद्याला धरून खालीच बसले. चाळीस मीटरची काठी आमच्या गच्चीवर! पडली तर शेजारच्या साळूबाईचं घर, गोठा, सगळं तिच्याखाली. दिशा हसली. आजी, ते लाटेचं माप आहे गं, काठी आहे तेवढीच. मला माहीत होतं. उज्वला घाबरली होती म्हणून तिला धरलं.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी १०.

काठी गच्चीवर उभी केली. मोजायची एक डबी आहे, तिला काटा. काटा एकाजवळ आला की अँटेना चोख. दीडपर्यंत चालतं. तीनच्या पुढं गेला तर रेडिओच्या मशीनलाच धोका. आज काटा चारवर.

दिशा वायर कापायची, चिमटा सरकवायची, बघायची. मी सगळा वेळ काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. वाऱ्यावर डुलत होती मेली. दिशा म्हणाली, सोड गं आजी, तिन्ही बाजूंनी दोऱ्या बांधल्यात. सोडली. मग रिकामं कशाला बसायचं म्हणून शेजारच्या लोखंडी तारेवर माझी पाच लुगडी धुऊन वाळत घातली. पिळून पाणी काढलं नाही, आता मनगटात जोर नाही.

काटा पाचवर.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी जवळ घेऊन म्हटलं, राहू दे यंदा हरसूल. पुढच्या वर्षी जा.

१३ एप्रिल, सोमवार.

हे चहा पिताना म्हणाले, लुगडी तू मंगळवारी आणि शुक्रवारी धुतेस. काल रविवारी काय निघालं?

पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या धुण्याकडं आजच लक्ष द्यायचं होतं. दुसरा चहा दिला नाही त्यांना.

१७ एप्रिल, शुक्रवार.

काटा दीडच्याही खाली आला! दिशा गच्चीभर नाचली. मीपण टाळ्या वाजवल्या. हात गार पडले होते म्हणून आवाज आला नाही.

ती जेवायला खाली गेली तेव्हा सहज बघितलं तर माझे वेढे खालच्या अंगाला मला विरळ वाटले. हार कसा भरगच्च हवा. थोडी तार उरली होती, ती जोडून आणखी सहा वेढे घातले आणि गजऱ्याची गाठ मारली. सुटायची नाही.

संध्याकाळी काटा तीनवर. दिशाने वेढे मोजले. आजी, हे अडतीस कसे झाले? मी म्हटलं, ऊन किती आहे बघ. उन्हात तारा वाढतात. रस्त्यावरच्या खांबांच्या तारा कशा लोंबतात.

हे खोटं नाही. लोंबतातच.

२२ एप्रिल, बुधवार.

साळूबाई आली होती. तिला सगळ्यातलं कळतं. म्हणाली, नवसाबाई, तिकडं डोंगरात वीज लय पडते बरं. उंच काठी दिसली का तिच्यावरच उतरते. अन् तुमचं ते मशीन शिट्ट्या मारतं ना? बिबट्याला वाटतं बकरू ओरडतंय. मागच्या महिन्यात आपल्याच शिवारात कुत्रं नेलं, लांब कशाला जायचं. मी म्हटलं, साळू, उगाच घाबरवू नको कुणाला. आमच्या घरात कोणी भित्रं नाही.

ती गेल्यावर गच्चीवर गेले. चार वायरी गच्चीभर पसरलेल्या, कुणाचा पाय अडकला म्हणजे? गोळा करून एका जागी नीट गुंडाळून ठेवल्या. कुरडया घालायच्याच होत्या. लोखंडी खाट ओढत काठीशेजारी नेली आणि तिच्यावर घातल्या. काठीला कावळे भितात.

काटा पार टोकाला. तिथं आकडेसुद्धा नाहीत.

दिशा जिन्यात बसून रडली. अठरा दिवस राहिलेत, माझ्याच्याने होणार नाही, म्हणाली. मी वाटीत गव्हाचा गरम चीक नेला, वर तेल घालून. शिवलीसुद्धा नाही त्याला. चिकाला नाही म्हणणारी दिशा मी आज पहिल्यांदा बघितली.

मला बरं वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

२६ एप्रिल, रविवार. दुपारी.

आज जे झालं ते मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

सकाळी दिशाने माझे जादा वेढे कापून टाकले, वायरी पुन्हा पसरल्या आणि दुसरी एक काठी आणली. म्हणाली, आजी, ही धर आणि पलीकडं टाकीपाशी उभी राहा. लुगडी नको, कुरडया नको, इकडं यायचं नाही. नुसती धरून राहा, हे फार महत्त्वाचं काम आहे. मी धरली. आणि काटा सरळ एकावर! बँड बदलला, तरी एकावर. तिसरा बदलला, एकाच्या जरासा पुढं. मी दोन तास जागची हलले नाही, काटापण हलला नाही.

म्हणजे माझा हातगुण. मला शंका होतीच. माझ्या हातचं लोणचं पाच वर्षं टिकतं. मी लावलेली शेवंती कधी मेली नाही. आधी मी काठीच्या फार जवळ होते, म्हणून हातगुण नीट पसरत नसणार.

हे म्हणाले, लांबूनच चांगला चालतो तुझा हातगुण. टोमणा होता, पण खरं बोलले.

२९ एप्रिल, बुधवार.

जेवताना विषय निघाला. संतोष म्हणाला, एकट्या पोरीला डोंगरावर पाठवणार नाही, घरातलं कोणी मोठं पाहिजे. दिशाने ताट सरकवलं. मला तिथल्या तिथं सुचलं. म्हटलं, तसंही माझ्या हाताशिवाय काठी लागत नाही. मी आले तरच दिशाने जायचं. संतोष म्हणाला, आई जाणार असेल तर माझी ना नाही. दिशाने मला खुर्चीसकट उचललं.

खरा बेत इथं लिहिते. दहा तारखेला सकाळी मी गुडघा धरणार. मी नाही तर दिशा नाही. कोणी वाईट होणार नाही, गुडघ्याला कोण काय बोलणार?

बेत पोरीच्या भल्याचा आहे. भीतीचा यात संबंध नाही.

९ मे, शनिवार.

जायचं नाही, पण तयारी दिसायला पाहिजे. दशम्या केल्या. खंडेरायाचा भंडारा घेतला. मिरचीची पूड घेतली, बिबट्यासाठी. छत्री पिशवीतून काढून घरीच ठेवली, तिची काडी लोखंडाची आहे आणि वीज काही मूर्ख नाही. दुपारी गुडघा धरून चार वेळा कण्हून बघितलं. चौथ्यांदा चांगलं जमलं.

१० मे, रविवार. सकाळी ६.

गुडघा धरला. कण्हले. उज्वला धावत आली आणि तिने पट्टा बांधला. जीप दारात. साळूबाई नारळ घेऊन उभी, तिच्यामागं आख्खी गल्ली. गल्लीला मीच सांगितलं होतं. दिशाने माझ्या चपला पायाशी ठेवल्या. हे म्हणाले, जा, जा, पोरीने हातगुण घरी ठेवून जायचं का?

जीपमध्ये लिहितेय. अक्षर माझं नाही, रस्त्याचं आहे.

१० मे. संध्याकाळी ७.

आलो. जिवंत आहोत. पाठ धरलीय. निरोप पोचला. बाकीचं उद्या.

११ मे, सोमवार.

काल लिहवलं नाही. आज लिहिते.

जीप खाली थांबली, डोंगर चढून गेलो. वर वारा असा की पदर हातात धरावा लागला. गुजरातच्या अंगाला एक काळा ढग. गवत हललं की मला पिवळे ठिपके दिसायचे. दिशाने काठी रोवली, वायरी पसरल्या, दोऱ्या ताणल्या. मला तीसेक पावलांवर मोहाच्या झाडापलीकडं उभं केलं, हातात माझी काठी दिली. मी डोळे मिटून धरली. मनात म्हणत होते, वीज यायचीच असेल तर या काठीवर ये, तिकडं बघू नको.

दिशा बोलायला लागली. तिकडं स्वतःचं नाव सांगत नाहीत, काही अक्षरं आणि एक आकडा सांगतात. आम्ही ह्यांचं नाव घेत नाही तसंच. मला आवडलं. मग ऐकू आलं: दरड कोसळली आहे, तीन जखमी, एक बाई खाली अडकली आहे, स्ट्रेचर पाठवा.

सराव आहे हे मी विसरले. कुठली बाई? कुणाची? काठी टाकली आणि धावले. गुडघा एक शब्द बोलला नाही. वायरी तुडवत गेले आणि दिशाची काठी दोन्ही हातांनी धरली. काय धरायचं ते कळलं नाही, हाताला तीच सवय होती.

मशीनमधून नाशिकचा माणूस म्हणाला, तुमचा आवाज तुटतोय. किती जखमी? परत सांगा. काटा तीनच्या पुढं गेलेला. दिशा बोलत होती आणि तो परत परत म्हणत होता, ऐकू येत नाही.

तिने माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. हळूच म्हणाली, आजी, बाई कोणी नाही गं, सगळं खोटं आहे. तू जरा मागं हो.

काठी सोडली. एक पाऊल मागं गेले, काटा खाली आला. आणखी दोन पावलं, आणखी खाली. मी पाठमोरी झालेच नाही, तशीच मागं मागं जात राहिले. काटा दिसेनासा झाला तेव्हा दिशाचं तोंड बघत गेले. मोहापाशी पोचले तेव्हा त्या माणसाचा आवाज आला, हां, आता स्वच्छ येतंय. निरोप मिळाला. शाब्बास.

माझी काठी गवतात पडली होती. उचलली आणि टोकापासून बुडापर्यंत बघितली. तिला वायर नव्हती. वेढे नव्हते. नुसती काठी. गच्चीवर दोन तास धरली होती तेव्हापण तशीच असणार.

तरी धरून उभी राहिले. दिशा मधूनमधून बघत होती.

ढग आला नाही, बिबट्या आला नाही. कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला भीती वाटत होती. पाच एप्रिलपासून वाटतेय.

१४ मे, गुरुवार. दुपारी.

पथकात घेतलं दिशाला. जुलैत सुरगाण्याला जायचंय, तिथं पथकातल्या दोघी बरोबर असतील. घरात पेढे आले. हे म्हणाले, पहिला पेढा लुगडी धुणारीला.

माझी काठी मागच्या अंगणात दोडक्याच्या वेलाला दिली. एका दिवसात वेलाने धरली.

दिशा कोठीजवळ येऊन बसली. म्हणाली, आजी, सुरगाण्याला येशील ना, काठी धरायला? मी म्हटलं, नाही गं, गुडघा. पट्टा बांधलेला दाखवला. तिने आधी गुडघ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पट्टा जरा सैल केला.

मग मी विचारलं, सुरगाणा इथून किती लांब गं?

नव्वद किलोमीटर, म्हणाली.

म्हटलं, मग तर तुझा काटा हलायचाच नाही.